मेणात जपलेला आरएनए



सुरुवातीला एका शोधाची हकिकत सांगतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया नावाचा रक्ताचा कॅन्सर आहे. बहुधा उतारवयात होतो, सावकाश वाढतो. या रुग्णांच्या पेशी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक जणांत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला आढळतो. इतक्या लोकांत नेमका तोच तुकडा गळतो, त्याअर्थी तिथे कॅन्सरला आवर घालणारं एखादं जनुक असलं पाहिजे, हा तर्क कुणीही केला असता. नव्वदच्या दशकात ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा त्या तुकड्याच्या मागे लागल्या. प्रथिनं घडवणारी जी जनुकं आसपास सापडली, ती एकेक करून तपासली. एकातही समाधानकारक दोष मिळेना. दहा वर्षांहून अधिक काळ हे चाललं.

२००२ साली फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांनी तो तिढा सोडवला. हरवलेल्या तुकड्यात दोन चिमुकल्या आरएनएंचा मजकूर होता. प्रत्येकाची लांबी साधारण बावीस अक्षरं. त्यांच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही, म्हणून आधीच्या शोधात त्यांच्याकडे कुणाची नजरच गेली नव्हती. मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही त्यांची नावं. पुढे २००५ मध्ये त्यांचं कामही उलगडलं. बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन पेशीला मरू देत नाही, आणि हे दोन आरएनए त्या प्रथिनाचं उत्पादन आटोक्यात ठेवतात. ते गेले की बीसीएल-२ साचत राहतं आणि जिची मरणाची वेळ झाली आहे अशी पेशी मरायचं नाकारते. बीसीएल-२ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून याच ल्युकेमियात दिलं जाऊ लागलं. ते औषध वेगळ्या वाटेनं आलं, आरएनएच्या शोधातून नव्हे. पण दोन्ही वाटा एकाच प्रथिनापाशी पोचाव्यात, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझं काम गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचं नाव सांगायचं. आज मी तुमच्यापुढे एक म्हणणं घेऊन आलो आहे. प्रथिन न बनवणाऱ्या, म्हणजे नॉन-कोडिंग आरएनएचा कॅन्सरमधला अभ्यास हे केवळ परदेशातल्या श्रीमंत प्रयोगशाळांचं काम नाही. त्याचा कच्चा माल कोल्हापुरातल्या, सांगलीतल्या, बार्शीतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या कपाटांत पडून आहे, आणि आपण तो नीट सांभाळत नाही.

त्याआधी थोडी ओळख. माणसाच्या पेशीतल्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यांपैकी प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के. प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. उरलेल्या भागाला कित्येक वर्षं सरळ ‘जंक’ म्हटलं जाई. मग लक्षात आलं की या उरलेल्या भागातूनही पेशी आरएनएच्या प्रती काढत असते. काही प्रती बावीस अक्षरांच्या, त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. काही दोनशेपासून हजारो अक्षरांच्या, ते लांब नॉन-कोडिंग आरएनए. यांतल्या हजारो प्रतींना काही काम असेलच असं नाही. पेशी पुष्कळ वेळा उगाचच प्रती काढते. ‘जंक असं काही नसतंच’ असं हल्ली उत्साहानं बोललं जातं, ते मला पटत नाही. पण ज्या शेकडो आरएनएंचं काम पुराव्यानं सिद्ध झालं आहे, तेवढ्यानंच कॅन्सरकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलून गेली.

आपण राधानगरीच्या पाण्यावरची माणसं, म्हणून पाटाचा दाखला देतो. धरणात पाणी आहे, पाटही आहेत. तरी कुणाच्या रानात किती पाणी जायचं आणि कधी बंद व्हायचं हे पाटकरी ठरवतो. मायक्रो-आरएनएचं काम तसं आहे. जनुकावरून निघालेला संदेशवाहक आरएनए प्रथिन बनवायला निघतो, आणि मायक्रो-आरएनए त्याच्या शेपटीकडच्या भागाला चिकटून तो ओघ कमी करतो. एक मायक्रो-आरएनए अनेक संदेशांवर लक्ष ठेवतो, एका संदेशावर अनेकांची नजर असते. कॅन्सरच्या पुष्कळ पेशींत एखाद्या जनुकाचं एक अक्षरही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या प्रथिनाचं प्रमाण.

हे पहिल्यांदा दिसलं एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक जंतात. १९९३ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी लिन-४ नावाच्या इवल्या आरएनएचं काम दाखवलं. अळीची वाढ वेळच्या वेळी व्हावी, यासाठी तो एका प्रथिनाला रोखत होता. जंतातली विचित्र गोष्ट म्हणून जीवशास्त्रज्ञांनी ती बाजूला ठेवली. २००० साली रुव्हकुन यांच्याच गटाला लेट-७ सापडला आणि तो जंतापासून माणसापर्यंत अक्षरशः तसाच टिकून असल्याचं आढळलं, तेव्हा सगळे जागे झाले. या दोघांना २०२४चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. २००५ मध्ये येल विद्यापीठातल्या फ्रँक स्लॅक यांच्या गटानं दाखवलं की माणसात लेट-७ ज्यांना आवरतो त्यांत ‘रास’ हे जनुक आहे. कॅन्सरमध्ये पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या जनुकांत ‘रास’चा क्रमांक फार वरचा. फुप्फुसाच्या अनेक गाठींत लेट-७ कमी झालेला असतो.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. मिर-२१ स्तन, फुप्फुस, आतडं, मेंदू अशा कितीतरी ठिकाणच्या गाठींत वाढलेला सापडतो. २०१० साली स्लॅक यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांमध्ये हा एकटा मिर-२१ मुद्दाम वाढवला, तर त्यांना लिम्फोमा झाला. तो पुन्हा बंद केला, तर काही दिवसांतच गाठी विरघळू लागल्या. उंदराचं सगळंच माणसाला लागू होत नाही. पण एका बावीस अक्षरी रेणूवर अख्खी गाठ तगून असू शकते, हे त्या प्रयोगानं डोळ्यांपुढे आणलं.

आता मुंबईकडे वळू या, कारण आपल्या राज्यातलं हे काम समजायचं तर कमल रणदिवे यांच्यापासून सुरुवात करावी लागते. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. खानोलकर म्हणजे भारतीय पॅथॉलॉजीचे जनक. आम्ही सगळे त्यांच्या घराण्यातले. पुढे रणदिवे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बाटलीत वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. बाहेर कुठेही सहज नोकरी मिळाली असती अशा काळात त्या परत आल्या. त्यांनी उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर, त्यातल्या हार्मोन आणि विषाणूच्या भागावर वर्षानुवर्षं काम केलं.

गाय यांचं नाव जगाला माहीत आहे ते हेला पेशींमुळे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या पेशी घेतल्या गेल्या. तिची परवानगी विचारली नव्हती. ती त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, तिच्या पेशी अजून जगभर वाढत आहेत. तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं याची गंधवार्ताही नव्हती. ही गोष्ट मला पुढे परत लागणार आहे.

रणदिवे ज्या क्षेत्रात काम करत होत्या, त्याच क्षेत्रात १९८२ साली रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या गाठींतून एक जनुक मिळालं. दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू गुणसूत्रात जिथे घुसतो, तिथलं ते जनुक होतं. त्यातून पुढे पेशींच्या एका संदेशमार्गाला ‘विंट’ हे नाव पडलं. आणि हाच विंट मार्ग लहान मुलांच्या मेंदूच्या एका गाठीत मुंबईच्या शास्त्रज्ञांना पुन्हा भेटला.

खानोलकरांच्या काळात सुरू झालेली ती संशोधन संस्था आता नवी मुंबईत खारघरला आहे, ॲक्ट्रेक या नावानं. तिथे नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेनं मेड्युलोब्लास्टोमा हा आजार घेतला. लहान मेंदूत होणारी ही गाठ, बहुतेक रुग्ण मुलं. उलट्या होतात, तोल जातो, डोकं दुखतं. आईवडील आधी पित्तावर औषध देतात, मग चष्म्याचा नंबर तपासतात. शस्त्रक्रियेनंतर डोक्याला आणि संपूर्ण पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यावं लागतं. मूल वाचतं, पण पुष्कळदा त्याची उंची खुंटते, हार्मोन बिघडतात, शाळेत मागे पडतं. त्यामुळे कुणाला किती रेडिएशन हवं हा प्रश्न जिवाइतकाच महत्त्वाचा.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी बऱ्याचशा सारख्या दिसतात. मी स्वतः अशा स्लाइड पाहिल्या आहेत. निळ्या रंगाच्या, दाटीवाटीनं बसलेल्या लहान पेशी. आतून मात्र या गाठींचे चार गट आहेत: विंट, सॉनिक हेजहॉग, गट तीन आणि गट चार. विंट गटातली बहुतेक मुलं बरी होतात. गट तीनमधल्या मुलांचं भवितव्य सर्वांत कठीण. आणि हे चार गट ओळखायची परदेशातली पद्धत महागडी होती. ताजा, गोठवलेला तुकडा हवा, मोठं यंत्र हवं, हजारो जनुकं एकाच वेळी मोजायला हवीत.

शिरसाट यांच्या गटानं २०१० साली दाखवलं की विंट गटाच्या गाठींत मायक्रो-आरएनएची एक स्वतंत्र ठेवण असते. मिर-१९३ए, मिर-२२४, मिर-१४८ए यांसारखे काही आरएनए तिथे कितीतरी पटींनी वाढलेले असतात, बाकीच्या गटांत तसे नसतात. मग २०१३ मध्ये त्यांनी डझनभर प्रथिन-जनुकं आणि नऊ मायक्रो-आरएनए एवढ्यांवर एक चाचणी बेतली. ती रिअल-टाइम पीसीआर यंत्रावर होते. कोविडच्या साथीत हे यंत्र जिल्ह्याजिल्ह्याला पोचलं, त्यामुळे आता त्याचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि या चाचणीला ताजा तुकडा लागत नाही. मेणाच्या ब्लॉकमधला जुना तुकडा चालतो.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा माझ्या हातचा विषय.

ऑपरेशन थिएटरमधून तुकडा येतो तो फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिन पेशीतली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधून टाकतं, त्यामुळे तुकडा कुजत नाही. मग त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढायचं, झायलीननं अल्कोहोल काढायचं आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात तो मुरवायचा. मेण गोठलं की झाला ब्लॉक. काड्यापेटीहून लहान. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते काचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिननं रंगवतात. पद्धत शंभर वर्षांहून जुनी. पेशीचा आकार ती उत्तम राखते, आरएनएचे मात्र हाल करते. हजारो अक्षरांचा संदेशवाहक आरएनए फॉर्मॅलिनमध्ये आणि नंतर कपाटात तुटत जातो, त्याचे बारीक तुकडे होतात. मायक्रो-आरएनएचं तसं होत नाही. तो मुळातच बावीस अक्षरांचा, त्यात आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत बसलेला. त्याला तुटायला जागाच फारशी नाही. म्हणून अनेक वर्षांच्या जुन्या ब्लॉकमधूनही तो मोजता येतो.

याचा अर्थ काय, ते बघा. कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात निघालेल्या माणसाच्या पिशवीत एक्स-रेच्या पाकिटाशेजारी प्लॅस्टिकच्या पुडीत तो ब्लॉक असतो. इथल्या लॅबनं दिलेला. त्यात त्या गाठीचा नियमनाचा हिशेब जवळजवळ शाबूत असतो. आणि जे ब्लॉक कुणीच मागत नाही ते कपाटात राहतात, ठेवण्याची मुदत संपली की टाकले जातात. तोंडाच्या कॅन्सरचे ब्लॉक, निपाणी-कागल पट्ट्यातल्या तंबाखूत आयुष्य गेलेल्या माणसांचे ब्लॉक, मशेरी लावणाऱ्या बायकांचे ब्लॉक. जगातल्या बड्या जनुकीय संग्रहांत युरोप-अमेरिकेतल्या गाठीच अधिक. गालाच्या आतल्या बाजूच्या, मशेरीच्या, गुटख्याच्या गाठी आपल्याकडे.

शिरसाट यांच्या गटानं पुढे एक पाऊल टाकलं. विंट गटात वाढणारा मिर-१४८ए त्यांनी मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशींत घातला, तेव्हा पेशींची आसपास घुसण्याची ताकद कमी झाली. म्हणजे हा आरएनए गटाची केवळ खूण नव्हे, या मुलांचा आजार सौम्य का असतो याच्या कारणांत त्याचाही हात असू शकतो. मिर-२०४ कमी असलेल्या गाठी अधिक आक्रमक असतात, हेही त्यांनी दाखवलं. हे ज्ञान उपचारात उतरवताना मात्र घाई करून चालत नाही. विंट गटाच्या मुलांना पाठीच्या कण्यावरचं रेडिएशन पूर्ण वगळता येईल का, हे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं. आजार कण्यात परतू लागला आणि तो प्रयोग त्यांनी लवकर थांबवला. नंतरचा मार्ग ठरला तो मात्रा कमी करण्याचा, वगळण्याचा नव्हे. नकारार्थी निकालही उघडपणे मांडणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे. तो निकाल दडपला गेला असता, तर दुसऱ्या गावी दुसऱ्या मुलांवर तोच प्रयोग झाला असता.

कोल्हापूरचंही नाव या विषयात आहे आणि ते बहुतेक कोल्हापूरकरांना माहीत नाही. नॉन-कोडिंग आरएनए म्हटलं की सगळे मायक्रो-आरएनएबद्दल बोलतात. पण त्यांच्या आधीपासून ठाऊक असलेला एक आरएनए प्रथिन बनवत नाही, बनवायला मदत करतो. तो ट्रान्सफर आरएनए. अमिनो आम्ल उचलून रायबोसोमपर्यंत नेणारा. साधारण ७६ अक्षरांचा. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ साली पहिल्यांदा एका ट्रान्सफर आरएनएची सगळी अक्षरं वाचली, आणि १९६८ चं नोबेल त्यांना आपल्या हरगोविंद खुराना व मार्शल निरेनबर्ग यांच्यासह मिळालं. या रेणूतली काही अक्षरं पेशी नंतर बदलते, त्यांच्यावर रासायनिक कलाकुसर करते. संदेश वाचायची जागा ३४ ते ३६ क्रमांकांच्या अक्षरांत आहे, आणि तिच्या लगतचं ३७वं अक्षर पुष्कळदा असं कलाकुसर केलेलं असतं.

शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा बदललेल्या अक्षरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. संगणकावर रेणूची हालचाल घडवून, हे अक्षर कुठल्या बाजूला वळतं, शेजाऱ्याशी कसं जोडलं जातं, त्यामुळे वाचनाची जागा कशी स्थिर राहते, असा तो अभ्यास. फेनिलॲलनिन वाहणाऱ्या ट्रान्सफर आरएनएतलं ३७वं अक्षर, वायब्युटोसिनच्या कुळातलं, त्यांच्या अभ्यासात आहे. हे काम कॅन्सरसाठी झालेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण १९७०च्या दशकापासून गाठींत एक गोष्ट आढळत आली होती: काही कॅन्सर पेशींतल्या या ट्रान्सफर आरएनएत ती कलाकुसर अर्धवट असते. त्याचा परिणाम काय, हे कळायला फार काळ गेला. २०२० साली बार्सिलोनाच्या मानेल एस्तेयेर यांच्या गटानं दाखवलं की मोठ्या आतड्याच्या काही गाठींत हे अक्षर घडवणारं टीवायडब्ल्यू-२ हे विकर गप्प केलेलं असतं. मग रायबोसोम संदेश वाचताना एक अक्षर घसरतो, चुकलेला संदेश पेशी नष्ट करते, आणि त्यात पेशीला जागेवर धरून ठेवणारं एक जनुक जातं. गाठ पसरण्याकडे झुकते. एका अक्षराचा आकार इतका महत्त्वाचा का, हे समजायला सोनवणे यांच्यासारख्यांचं काम लागतं. इथल्याच एका विभागात संगणकापुढे बसून केलेलं.

लांब नॉन-कोडिंग आरएनएबद्दल मी थोडकंच बोलणार आहे, कारण तिथे अजून गोंधळ आहे. मॅलॅट-१ हा सुमारे आठ हजार अक्षरांचा आरएनए २००३ साली फुप्फुसाच्या पसरणाऱ्या गाठींत सापडला आणि तो कॅन्सर पसरवतो असं ठरलं. २०१२ मध्ये तो मुळीच नसलेले उंदीर तयार केले, ते ठणठणीत निघाले. २०१८ साली ह्यूस्टनच्या एका गटाला स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो उलट पसरणं रोखताना दिसला. हॉटेअर या दुसऱ्या आरएनएबद्दलही असेच वाद आहेत. यांतलं ठोस उपयोगाला आलेलं उदाहरण पीसीए-३ या आरएनएचं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो, लघवीत मोजता येतो, आणि पहिल्या बायॉप्सीत काही न सापडलेल्या पुरुषाची पुन्हा बायॉप्सी करावी का, हे ठरवायला २०१२ साली अमेरिकेत त्या चाचणीला मान्यता मिळाली. उपयोग एवढाच. पण खरा.

औषधांची कथा आशेची आणि दुःखाचीही. पी-५३ हे पेशीचं रक्षक प्रथिन जे काही मायक्रो-आरएनए चालू करतं त्यांत मिर-३४ प्रमुख, हे २००७ मध्ये कळलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचं ई-६ प्रथिन पी-५३ नष्ट करतं, म्हणून मिर-३४ही घसरतो. मग मिर-३४ बाहेरूनच द्यावा, या कल्पनेतून एमआरएक्स-३४ हे औषध आलं. २०१३ साली माणसांवर चाचणी सुरू झाली, मायक्रो-आरएनएची कॅन्सरमधली ही पहिलीच. काही गाठी आकसल्या. पण रोगप्रतिकारशक्ती भडकली, रुग्ण दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी थांबली. त्या रुग्णांनी स्वखुशीनं स्वतःला पुढे केलं होतं. या क्षेत्रात जे पुढे चालतील त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं उदाहरण यशाचं. कॅन्सरच्या बहुतेक पेशी गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून टेलोमरेज नावाचं विकर चालू ठेवतात. हेला पेशी आजवर मरत नाहीत, त्याचं हे एक कारण. त्या टेलोमरेजच्या गाभ्यात एक नॉन-कोडिंग आरएनए असतो, तोच साचा. इमेटेलस्टॅट हा तेरा अक्षरांचा तुकडा नेमका त्या साच्यावर जाऊन बसतो. २०२४च्या जूनमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारातल्या कमी धोक्याच्या गटातल्या, सतत रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णांसाठी. ब्लड बँकेच्या रांगेत ज्यांची वर्षं गेली, त्यांतल्या काहींना महिनोन्महिने रक्ताची गरज पडली नाही.

आणि एक सूचना, डॉक्टर म्हणून. रक्तातल्या मायक्रो-आरएनएवरून कुठलाही कॅन्सर सांगतो म्हणून चाचण्या विकणारे भेटतील. लाल पेशी मिर-१६ आणि मिर-४५१ यांनी भरलेल्या असतात. सुई नीट लागली नाही, रक्त थोडं फुटलं, की आकडे बदलतात. अशा चाचणीसाठी कुणी दागिना मोडू नये. तोच पैसा आणि वेळ गर्भाशयमुखाच्या तपासणीला द्यावा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या चाचणीतही विषाणू पकडायला आरएनएचाच तुकडा वापरतात. आपल्या खेड्यांतल्या बायांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे.

आता माझी मागणी. कोल्हापूरच्या सर्जन मित्रांनो, तुकडा काढल्यावर तो ताबडतोब दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन घ्या. सलाइनच्या बाटलीत रात्रभर ठेवलेला तुकडा आमच्याकडे येतो, तेव्हा त्यातला आरएनए केव्हाच गेलेला असतो. तीन दिवसांहून अधिक काळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या तुकड्याचीही तीच गत. वही ठेवा: तुकडा किती वाजता काढला, किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये गेला. लॅबवाल्यांनी ब्लॉक उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नयेत, पुसट न होणाऱ्या शाईनं क्रमांक घालावा, मुदत संपली म्हणून टाकून देण्याआधी विद्यापीठाला विचारावं. विद्यापीठानं आणि इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून या ब्लॉकसाठी एक थंड, कोरडी खोली आणि एक नोंदवही उभी करावी. रुग्णाचं वय, गाव, तंबाखू, मशेरी, उपचार, पुढे काय झालं, एवढ्या नोंदी. नाव वेगळ्या, कुलूपबंद वहीत.

आणि घरच्यांची संमती. हेन्रिएटा लॅक्सची हकिकत मी त्यासाठीच सांगितली. तिच्या वारसांशी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं करार केला तो २०१३ साली, बासष्ट वर्षांनी. आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी पुढे येतो तो सहीचा कागद बहुधा इंग्रजीत असतो, स्ट्रेचर हलत असताना सही होते. ब्लॉकसाठीचं संमतिपत्र वेगळं असावं, मराठीत असावं, शस्त्रक्रियेच्या दिवशी न मागता नंतर, रिपोर्ट समजावून सांगताना मागावं. ‘नको’ म्हणायलाही त्यात चौकट असावी, आणि नको म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभर फरक पडू नये. या संमतिपत्राचा मसुदा मी आणि माझ्या काही सहकाऱ्यांनी मिळून केला आहे. बाहेर टेबलावर प्रती आहेत. वाचा, जिथे भाषा अडते तिथे खूण करा, आणि जाताना प्रत तिथेच परत ठेवा.